मागचा नंबर

अंगठ्याखाली काहीतरी फुगीर लागलं. सकाळपासून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपांवरून फिरून बधिर झालेला, चपटं, चपटं, चपटं एवढंच ओळखणारा तो अंगठा तिथे अडला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. सात घरं. सातही भरलेली. पारदर्शक फुग्यांत सात पांढऱ्या गोळ्या जशाच्या तशा, कुणी उठवायलाच न आलेल्या पोरांसारख्या... आणि मागे, चांदीच्या कागदाच्या कडेला, निळ्या शाईत, त्याच्याच अक्षरात – एक्केचाळीस.

तो तेव्हा टेबलावर ठेवलेल्या स्टुलावर उभा होता. स्टुलाला पाय चार, पण त्यातला एक नुसता सोबतीला आल्यासारखा. शिडीवर चढता आलं असतं, पण शिडी यंदा सजावटीत गेली होती. शोकेसच्या बरोबर मधोमध ती उभी होती, तिच्या पायऱ्यांवर जुन्या बाटल्या, बाटल्यांत वाळलेल्या काड्या, आणि खाली पुठ्ठ्याची पाटी : कृपया शिडीवर चढू नये. ही पाटीही त्यानेच रंगवली होती. पस्तीस वर्षं ज्या शिडीवर चढून त्याने या दुकानाचा प्रत्येक हंगाम टांगला, ती शिडी आता कलाकृती झाली होती आणि तो डुगडुगत्या स्टुलावर तिच्याकडे बघत होता – बढती मिळालेल्या जुन्या मित्राकडे बघावं तसा.

"भाऊ, काय झालं? बेचाळीस टांगला, एक्केचाळीस कुठाय?" खालून शिवणबाई ओरडल्या.

शिवणबाई म्हणजे दुकानात घेतलेल्या पँटी आखूड करून देणाऱ्या. हंगामात त्याला मदतीला मिळायच्या, कारण हंगामात त्यांच्या मते लोकांना सगळं लांबच घालायचं असतं.

"हातात आहे," तो म्हणाला.

"मग टांगा की. पाच वाजता कागद निघणार काचेवरचा. हातात धरून उभे राहिलात तर तुम्हालाच सजावट समजतील."

त्याने टांगली. हात आपोआप गेले. दोऱ्याची गाठ, आकडा, तार. स्ट्रिप हलकेच गिरकी घेऊन काचेकडे तोंड करून थांबली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, आता आपण पडणार. पडला नाही. स्टुलाचा सोबतीचा पाय त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला आला.

हे सगळं हिरव्या बाईंमुळे सुरू झालं. हेड ऑफिसने यंदा एक सल्लागार बाई पाठवल्या होत्या, गळ्यात कायम हिरवा स्कार्फ, म्हणून मागे सगळे त्यांना हिरव्या बाई म्हणायचे आणि समोर मॅडम. पहिल्याच मीटिंगला त्यांनी कागदी कपातली कॉफी संपवली, कप चुरगळला आणि सांगितलं की या हंगामात एकही नवी वस्तू विकत घ्यायची नाही. साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे सजावटीसाठी. गिऱ्हाइकांनी घ्यायची." साहेबांचा चेहरा परत जागेवर आला.

मग कापडी पिशव्या आल्या. प्रत्येक पिशवी एकेका प्लास्टिकच्या पिशवीत. भेटवस्तू गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं ठरली, ती पुरेनात म्हणून कोरी मागवली आणि गच्चीत ऊन देऊन जुनी केली. किमतीच्या चिठ्ठ्या बिया घातलेल्या कागदाच्या – गिऱ्हाईक घरी नेणार, कुंडीत पेरणार – पण गोदामाला ओल होती आणि आठवड्याभरात स्वेटरांच्या बाह्यांना मोहरी फुटली. 'जुनं आणा, सूट मिळवा' म्हटल्यावर लोकांनी जुनं आणलं. फुटके दिवे, एकेकटे बूट, एका आजोबांनी तर कवळी आणली आणि नव्या टोपीवर सूट मागितली. साहेबांनी दिली. कवळी अजून गोदामात आहे, बाटलीत. कुणी आत गेलं की आपलं हसते.

आणि या सगळ्यात त्याला विचारलं गेलं, "तुमच्याकडे काही आहे का हो? चकचकीत, पण नवं नाही असं?"

होतं. स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला टांगलेल्या दोन पोत्यांत.

ती काही टाकत नसे. सजावटवाल्याच्या बायकोला ते जमणारही नव्हतं – लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने टिनची झाकणं भंगारवाल्याला दिली आणि तो दोन दिवस जेवला नव्हता, झाकणं समुद्राच्या लाटांसाठी होती. तेव्हापासून घरातून काहीही बाहेर जाताना ती विचारायची, "अहो, हे लाट आहे की कचरा?" आजारपण आल्यावर स्ट्रिपा साठायला लागल्या. रिकामी झालेली प्रत्येक स्ट्रिप ती उजेडात धरून बघायची आणि पोत्यात टाकायची. "किती चमकतात बघा. मी गेले की दुकानात लावा. माझी आरास." तो चिडायचा. ती म्हणायची, "बरं, मग नका लावू. चोर कुठले, तुम्ही लावणारच."

लावली. तिला जाऊन नऊ महिने झाले होते आणि त्याने पहिलं पोतं उचलून दुकानात आणलं. मुलगी फोनवर म्हणाली होती, बाबा, टाकून द्या ना ते आता. तिला त्याने सांगितलं, टाकतोय.

हिरव्या बाई तर बघून हरखल्याच. "हे कुठून आणलंत?"

"घरून."

"वा! म्हणजे लोकल सोर्सिंग!" त्यांनी वहीत लिहून घेतलं.

साहेब जरा चुळबुळले. "मॅडम, पण हे बघून लोकांना आजारपण नाही आठवणार?"

"लांबून चांदी दिसते," हिरव्या बाई म्हणाल्या. "जवळ कोण जातंय?"

जवळ तोच होता. दोन हातांवर, स्टुलावर, एक्केचाळीसच्या समोर.

आकडे त्याचेच. आयुष्यभराची खोड – टांगायची प्रत्येक वस्तू, चांदणी असो की पतंग की कापसाचा ढग, तिच्या पाठीवर नंबर. मागून पुढे टांगत यायचं आणि एक नंबर काचेला. पुढून जादू, मागून हिशेब, असं तो नवशिक्यांना सांगायचा. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बाकीच्या गोळ्या एक वेळ मागेपुढे झाल्या तर चालेल, ही पांढरी मात्र चुकवू नका. एक दिवस नाही. पांढरीच्या स्ट्रिपेत गोळ्या सात, म्हणजे आठवड्याला एक स्ट्रिप. त्याने घरी येऊन निळा पेन काढला. दर सोमवारी सकाळी एक स्ट्रिप ट्रेमध्ये, पाठीवर आठवड्याचा नंबर. एक. दोन. तीन. ती हसायची – "मला कुठे टांगताय?" बावन्नपर्यंत गेले ते आकडे. बावन्नमधल्या उरलेल्या तीन गोळ्या तो स्वतः औषधाच्या दुकानात परत द्यायला घेऊन गेला होता, का ते त्यालाही माहीत नाही. दुकानदार म्हणाला, सुट्या घेत नाही.

"शिवणबाई, हा एक्केचाळीस तुम्ही लिहिला?"

"नाही हो. मी सकाळी ओळीने लिहीत होते ना, निळा नंबर दिसला की काट मारून आपला काळा. चाळीस झाला, पुढची उचलली तर तिच्यावर आधीच एक्केचाळीस. म्हटलं चला, एक नंबर वाचला. भरलेली पण होती, मला वाटलं तुम्हीच मुद्दाम ठेवलीय, काचेजवळ जरा उठाव यायला." त्या थांबल्या. वर बघितलं. "...भाऊ? वहिनींची का?"

त्याने मान हलवली.

"अगं बाई," शिवणबाई म्हणाल्या आणि तोंडातली टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीला खोचली. त्यांच्याकडून तो एवढाच शोक होता आणि तो पुरेसा होता.

तो खाली उतरला. टेबलाच्या कडेला बसला. शोकेस म्हणजे एक विचित्र खोली – एक भिंत काचेची, आज त्या काचेवर तपकिरी कागद, कागदाला बाहेरच्या रस्त्याचा उजेड आणि जाणाऱ्या माणसांच्या सावल्या. एक सावली थांबली, कागदाला डोळा लावायला वाकली, भोक मिळालं नाही म्हणून निघून गेली.

एक्केचाळिसावा आठवडा. मोजायची गरज नव्हती, गेल्या वर्षीचा हाच आठवडा. याच शोकेसमध्ये होतो मी, सकाळी सातला घर सोडायचं, रात्री जेवायला परत, आणि गेल्या वर्षी कागदी पक्षी होते, चारशे, प्रत्येकाच्या पोटावर नंबर. सोमवारी सकाळी मी ट्रेमध्ये स्ट्रिप ठेवली. ठेवली का? ठेवलीच असणार. मी चारशे पक्ष्यांत एक नंबर चुकलो नाही... पण चारशे पक्षीच तर होते डोक्यात. स्ट्रिप हातात घेतली, तेवढ्यात दुकानातून फोन आला, ती ओट्यावर ठेवली, रिकाम्या स्ट्रिपांच्या ढिगात, तिथून ती पोत्यात... असं होऊ शकतं. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो. पण मग ट्रे आठवडाभर रिकामा. आणि ती एकदाही म्हणाली नाही, अहो, माझी पांढरी कुठाय? ती, जी माझ्या डब्यात चमचा घालायचा राहिला तर जिन्यावरून हाका मारायची?

की मी ठेवली होती. आणि तिने उचलून, अख्खीच्या अख्खी, पोत्यात टाकली.

"माझा बाप," शिवणबाई मध्येच म्हणाल्या, दोरा दाताने तोडत, "गोळी तोंडात धरून ठेवायचा. माझी पाठ फिरली की कुंडीत थुंकायचा. तीन महिने मला पत्ता नाही. म्हातारा गेला, आणि कुंडीतली तुळतुळीत पानं बघून मला कळलं. असलं वाढलं होतं झाड! सांगू कुणाला?" त्या हसल्या, मग त्याच्याकडे बघून हसू आवरलं. "म्हणजे... सगळेच तसे नसतात."

त्याला त्यांचा राग आला. मग राग कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून त्याने हातोडी उचलून दुसऱ्या जागी ठेवली.

तो आठवडा. तो आठवडा त्याला नीट आठवत होता, हीच तर पंचाईत. पांढरीने तिच्या डोळ्यांवर पडदा यायचा, जीभ जड व्हायची, दुपारभर ती पाण्याखाली असल्यासारखी बोलायची. आणि त्या आठवड्यात ती... बरी होती. तो रात्री घरी गेला की ती जागी. पत्ते खेळली, दोनदा लबाडी करून जिंकली. हात थरथरत नव्हते. तो किती खूश झाला होता. गोळी लागू पडली म्हणाला होता! शेजारी सांगत सुटला होता, गोळी लागू पडली. आणि शुक्रवारी, कुणाला न सांगता, ती टॅक्सी करून शोकेस बघायला आली.

तो आत होता, कागद निघालेल्या काचेमागे शेवटचे पक्षी लावत. काचेवर टकटक झाली. बघतो तर ती – तपकिरी कोट, त्याचाच मफलर, काचेला दोन्ही तळहात टेकवलेले. आतून बाहेरचं काही ऐकू येत नाही. शोकेसमध्ये काम करणाऱ्या माणसाला सगळं जग मुकं असतं, लोक काचेपलीकडून ओठ हलवतात आणि तो मान हलवतो, एवढाच संबंध. ती पक्षी बघत होती. एक, एक, एक – खरोखर सगळे बघितले असतील, तिचे डोळे इतके स्वच्छ त्याने वर्षभरात पाहिले नव्हते. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. दोन-तीन शब्द. सावकाश. उत्तराची वाट बघत.

त्याने मान हलवली. हसून, जोरात, हातात पक्षी घेऊन.

ती पण हसली. काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ राहिलं, ते विरेपर्यंत टॅक्सी गेली होती.

रात्री त्याने विचारलं होतं, "काय म्हणालीस ग तिथे?"

"काही नाही. तुम्ही मान हलवलीत ना? झालं तर मग."

छान झालंय. हेच म्हणाली असणार. छान झालंय, याला ओठ असे... त्याने स्वतःशी म्हणून बघितलं, छान झालंय. पुन्हा. शिवणबाईंनी तिरक्या नजरेने बघितलं. मग त्याने म्हणून बघितलं : बंद केली. ओठ आधी मिटतात. तिचे मिटले होते का? पुरे आता. पुरेलाही ओठ मिटतात. मी जाऊ... घरी जाऊ, का नुसतंच जाऊ... आणि मी मान हलवली. मी नवरा म्हणून मान हलवली की सजावटवाला म्हणून? सजावटवाल्याची मान तर सगळ्यांनाच हलते. पोरं जीभ काढून दाखवतात त्यांनाही हलते.

"भाऊ, साडेचार!"

उरलेले चाळीस लावायचे होते... नाही, ते झाले. एक ते चाळीस काचेजवळ शिवणबाईंनीच, खालच्या तारेवर, लावून टाकले होते. तो बसला होता तेवढ्या वेळात. तो पुन्हा स्टुलावर चढला आणि एक्केचाळीसकडे हात नेला. काढावी. खिशात घालावी. काढली तर तिथे भोक पडणार, आणि साहेबांना काही दिसो न दिसो, भोक बरोबर दिसतं. त्याने हात मागे घेतला. मग पुन्हा नेला. स्ट्रिप त्याच्या बोटांच्या वाऱ्याने आपली फिरली, पुढून जादू, मागून निळा आकडा, पुढून जादू.

साहेब आले, हिरव्या बाई आल्या. बाईंनी काचेच्या कोपऱ्यात लावायला छापील पाटी आणली होती : 'या सजावटीत एकही नवी वस्तू नाही. एका साध्या घरातल्या रोजच्या कचऱ्यातून उजळलेला हंगाम.' पाटी नवी होती.

"घर कुणाचं ते लिहायचं का?" साहेबांनी विचारलं.

"नको," तो म्हणाला.

"बघा, किती नम्र," हिरव्या बाई म्हणाल्या आणि हेही लिहून घेतलं.

पाच वाजता बाहेरून कागद ओढला गेला. एका दमात नाही. खळीने चिकटवला होता, पर्यावरणाला बरी म्हणून, ती दगडासारखी वाळलेली. दुकानाचे दोघे जण बाहेर कागद ओरबाडत होते आणि गर्दीला सजावट चिंध्याचिंध्यांनी दिसत गेली – आधी शिडी, मग एक बाटली, मग अचानक अख्खं आभाळ. दिवे लागले. साडेतीनशे स्ट्रिपा एकदम पेटल्यासारख्या झाल्या. तो अजून आतच होता, कोपऱ्यात, पळायला वेळ मिळाला नव्हता. काचेपलीकडे तोंडं उघडली. आवाज नाही. टाळ्या वाजत असाव्यात. हात एकमेकांवर येत होते. एक आई पोराला उचलून दाखवत होती. एक म्हातारी मात्र अगदी काचेला नाक लावून उभी राहिली, एक स्ट्रिप ओळखल्यासारखी बघत, तिच्यावरचं गोळीचं नाव वाचत... मग ती मागे सरली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

हिरव्या बाई बाहेर गर्दीत उभ्या होत्या. त्यांनी त्याला खूण केली. काचेजवळच्या ओळीकडे बोट. एक्केचाळीसकडे. ती खरंच वेगळी चमकत होती. रिकाम्या घरांतून उजेड आरपार जायचा, या सात घरांत तो अडकून राहिला होता, दुधासारखा. बाईंनी अंगठा आणि बोट जुळवून 'मस्त' केलं. मग दोन्ही हात पसरून, ओठ मोठे करून, काहीतरी बोलल्या.

त्याने मान हलवली.

आणि हलवून झाल्यावर त्याची मान तशीच राहिली, खाली.

बाई फिरून आत आल्या तेव्हा शोकेसच्या मागच्या दारातूनच बोलू लागल्या, "तुम्ही हो म्हणालात, थँक्यू! त्या भरलेल्या हव्यात अजून. आठ-दहा तरी. पुढची सगळी ओळ तशी करू. आहेत ना घरी?"

"बघावं लागेल," तो म्हणाला.

"दुसरं पोतं आणलंय की भाऊंनी," शिवणबाई बोलून गेल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. "...पण ते बहुतेक रिकाम्याच."

"वा! बघा मग लगेच," बाई म्हणाल्या आणि फोनवर बोलत गेल्या.

दुसरं पोतं गोदामात होतं, फुटक्या दिव्यांच्या आणि कवळीच्या शेजारी. बेचाळीस ते बावन्न त्यात होत्या. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला. तोंडाला सुतळी, सुतळीला तिची गाठ – दोन वेढे आणि एक उलटा, जी त्याला कधीच सुटायची नाही आणि ती हसत म्हणायची, सजावटवाले म्हणे! पोत्याला बाहेरून हात लावला की आत चुरचुरायचं. चपटं की फुगीर, ते गोणपाटातून कळत नव्हतं. त्याने अंगठा दाबून बघितला. मग काढून घेतला.

त्यानंतरचे आठवडे आठवून काही कळत नव्हतं, ती कधी जागी, कधी पाण्याखाली, आणि ते गोळीने की आजाराने ते कोण सांगणार. पोत्याचं मात्र सगळं सोपं होतं. आत सगळ्या रिकाम्या असतील तर तो एकच आठवडा, तर मग चूक माझी. ट्रे रिकामा ठेवणारा मी, आणि ती नुसती विसरली, किंवा मला दुकानाचा ताप नको म्हणून बोलली नाही, आणि पुढच्या सोमवारपासून पुन्हा मुकाट्याने पाण्याखाली गेली. त्या एका आठवड्यानेच गेली असेल. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस नाही. आणि आत भरलेल्या असतील – एक, दोन, आठ-दहा – तर चूक माझी नाही. तर मी सुटलो. तर तिने काचेपलीकडून सांगितलं होतं आणि मी हो म्हणालो होतो, आणि अकरा आठवडे ती रोज रात्री माझ्यासमोर बसून पत्त्यांत लबाडी करत होती आणि जात होती.

दुपारपासून त्याला वाटत होतं की आपण घाबरलोय ते आपली चूक निघेल म्हणून. गोदामात मोहरी फुटलेल्या स्वेटरांचा ओला वास होता. बाटलीतली कवळी हसत होती. पलीकडे शिवणबाई कुणाला तरी सांगत होत्या, आत नका जाऊ, भाऊ कामात आहेत. तो गाठीवर बोट ठेवून बसला होता आणि पस्तीस वर्षांत एक नंबर न चुकलेला तो माणूस मनातल्या मनात, कुणाला ते ठाऊक नाही, पण विनवत होता – चुकलेला असू दे. मीच चुकलेला असू दे.

गाठ सुटत नव्हती. त्याला ते बरं वाटत होतं.